एकशे सेहेचाळीसाव्या पानापुढे

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीतला कडुनिंब पानं गाळायला लागतो. झाडणाऱ्या मावशी ढीग करतात, वारा तो मोडतो, त्या पुन्हा ढीग करतात आणि वाऱ्याला उद्देशून काहीतरी पुटपुटतात. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. पुण्यातली बाकी माणसं या हवेला छान म्हणतात. मला मात्र ती नकोशी होते. माझं वय सत्तेचाळीस, हिंजवडीत नोकरी, हाताखाली बावीस माणसं, त्यातली निम्मी मला घाबरतात म्हणे. तरी तो खराट्याचा कोरडा आवाज कानावर आला की वाटतं, आपला केमिस्ट्रीचा सातवा धडा अजून व्हायचाय.

यंदा हे जरा जास्तच झालं, कारण घरात बारावी आहे. माझी मुलगी ईरा. परवा, रविवारी दुपारी, ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"आई, मी केमिस्ट्रीचं पुस्तक चुकीचं घेतलंय. ग्रुपवर सगळ्यांकडे दुसरंच आहे."

"परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय ईरा."

"म्हणूनच तर! उद्या डिलिव्हरी मिळतेय. मागवू का?"

मी भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात राहिली. 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि त्या एका शब्दाच्या मागे इतकं काही उभं होतं, की तो बाहेरच पडेना.

आमच्या वेळी पुस्तक असं घरपोच येत नसे. ते शोधायला जावं लागे आणि शोधायला बरोबर बाबा असत. बाबा वर्ध्याजवळच्या एका गावातून पुण्याला आलेले, कारखान्यात मशीनवर कामाला. आधी चारपाच जणांत खोली करून राहायचे. मी दहावी झाल्यावर त्यांनी आईला, मला आणि दोन ट्रंका उचलून विश्रांतवाडीत दोन खोल्यांत आणलं. कशासाठी, तर माझ्या अकरावी-बारावीसाठी. हे कोणी मोठ्याने बोलत नसे. पण आई नळावरच्या बायकांना सांगायची, "पोरीच्या शिक्षणासाठी आलो," तेव्हा मला वाटायचं, उद्या माझे मार्क पडले नाहीत तर त्या दोन ट्रंका परत कोण उचलणार?

ते दिवस असे होते की ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. चौकाचौकांत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागलेल्या. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला अमेरिकेत नोकरी लागली तर त्याच्या आईने पेढे वाटता वाटता सगळ्यांना पासपोर्टही दाखवला. आणि बाबांच्या कारखान्यात परदेशातून एक मशीन आलं होतं, जे चार माणसांचं काम करायचं. बाबा त्याचं कौतुक करायचे आणि लगेच गप्प व्हायचे. एकदा जेवताना म्हणाले, "बेटा, उद्या मशीन कॉम्प्युटरच चालवते. मंग तू कॉम्प्युटर चालव." मग ताटाकडे बघत राहिले. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला फार उशिरा कळलं.

इंजिनिअरिंगचा प्रवेश तेव्हा बारावीच्या तीन विषयांच्या मार्कांवर ठरायचा. फिजिक्सची मला फारशी धास्ती नव्हती, गणित आवडायचं. केमिस्ट्री मात्र मला समजतच नसे, कारण मी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. आम्ल आणि आम्लारी मला ठाऊक होते, उत्प्रेरक ठाऊक होता. अकरावीत एकदम तेच सगळे लोक इंग्रजी नावं लावून वर्गात आले आणि मी कोणालाच ओळखेना.

बारावीचं वर्ष सुरू होताना बाबा मला अप्पा बळवंत चौकात घेऊन गेले. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ बसले होते. बाबांचा आग्रह होता, पुस्तक जुनंच घ्यायचं. त्याचं कारण पैसे नव्हतं, किंवा फक्त पैसे नव्हतं. कारखान्यात ते परदेशी मशीन आलं तेव्हा त्याबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं. कोरं असेपर्यंत कोणाला त्यातलं काही कळेना. मग एका जुन्या कामगाराने वर्षभर ते हाताळून त्यात पेन्सिलीने खुणा केल्या, इथे बघ, हे आधी कर, याला हात लावू नको. त्यानंतर सगळी पाळी तेच पुस्तक मागायची. बाबांचं म्हणणं होतं, "कोऱ्या पुस्तकात सगळंच महत्त्वाचं दिसते. वापरलेल्यात कोणीतरी आधी जाऊन आलेलं असते."

म्हणून त्यांनी दुकानदाराला सरळ विचारलं, "भाऊ, हे पुस्तक कोणाचं होतं जी? किती मार्क पडले त्याले?"

गृहस्थांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "अहो, मी पुस्तकं विकतो. पत्रिका जुळवत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना मात्र काही वाटलं नाही. ते एकेक पुस्तक उघडून पेन्सिल शोधत राहिले. एकात नुसत्या रेघा होत्या, एकात कोणीतरी प्रत्येक पानावर मिशा काढल्या होत्या. मग एक हाती आलं, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, आणि मी ते उघडलं तर समासात मराठी होतं. बारीक, गोल, स्वच्छ अक्षर. इंग्रजी शब्दावर छोटा आकडा आणि कडेला त्याच आकड्यापुढे मराठी अर्थ. उत्प्रेरक. क्षपण. संपृक्त. वर्षभरानंतर माझे ओळखीचे लोक मला भेटत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका आनंद मला झाला. पहिल्या पानावर नाव होतं, मृणाल, आणि कोथरूडमधला पत्ता.

"हेच घेऊ," मी म्हणाले. बाबांनी चारपाच पानं उलटून पाहिली. "पोरगी हुशार आहे," असं त्या न पाहिलेल्या मृणालविषयी ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही पुढची पानं पाहिली नाहीत. माणूस आंब्याची पेटी घेताना सुद्धा खालचा थर बघतो. आमचं तेवढं भान सुटलं.

जून ते डिसेंबर मी मृणालबरोबर राहिले. ती म्हणेल तिथे थांबायचं, तिने चांदणी काढली असेल ते पाठ करायचं. कधीकधी तिने समासात लिहिलेलं असायचं, "हे मला दोनदा वाचून कळलं." मग मीही दोनदा वाचायची, आणि कळायचं. कॉलेजात मुली एकमेकींना भेटल्या की विचारत, "तू कुठलं वापरतेस?" एखादीने वेगळं नाव सांगितलं की विचारणारीचा चेहरा पडायचा. मी माझ्या पुस्तकाचं नाव सांगायची, पण मृणालचं सांगायची नाही.

जानेवारीत मी सातव्या धड्यात आले. विद्युत रसायन. एकशे सेहेचाळीसाव्या पानावर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ सुरू झाली होती आणि ते वाक्य संपायच्या आतच थांबली होती. मी पान उलटलं. पुढचं पान कोरं. त्यापुढचंही. भराभरा शेवटपर्यंत उलटत गेले. निम्मं पुस्तक कोरं होतं, एक शब्द नाही, एक टिंब नाही. वहीतल्या एखाद्या पानावर शाई सांडावी तसं काहीतरी माझ्या छातीत पसरलं.

इथे का थांबली ही मुलगी? आजारी पडली? लग्न लावून दिलं? की त्याहून वाईट काही? वाक्याच्या मधोमध कोण थांबतं? मी ते पान पुन्हा पुन्हा उघडायची आणि त्यापुढे जायची हिंमत व्हायची नाही. रोज सकाळी पुस्तक घ्यायची, एकशे सेहेचाळीसपर्यंत उजळणी करायची आणि मिटायची. आईला वाटायचं पोरगी काय अभ्यास करते! बाहेर निंबाची पानं पडायला लागली. प्रॅक्टिकलच्या तारखा लागल्या. मला स्वप्नात पेपर यायचा आणि त्यात फक्त कोरे समास असायचे.

बाबांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, बदलून आणू. तसं मलाही तेच करायचं होतं, पण पुढची पानं आपण पाहिलीच नाहीत, हे त्यांना सांगवेना. कॉलेजातली निम्मी मुलं तेव्हा एक नवीन जाड पुस्तक घेऊन फिरत होती आणि त्यातूनच पेपर येतो असं ठामपणे सांगत होती. शेवटी एका दुपारी ठरवलं. पुस्तक दुकानात देऊन ते दुसरं घ्यायचं. पण आधी कोथरूडला जाऊन बघायचं, हिचं झालं काय. तसं न बघता ते पुस्तक दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची मला भीती वाटली.

विश्रांतवाडीहून बसने मनपा, तिथून दुसऱ्या बसने कोथरूड. पत्ता सापडायला वेळ लागला नाही. दार एका बाईंनी अर्धंच उघडलं.

"काय हवंय?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. "हे मृणालताईंचं पुस्तक..."

"विकलेली पुस्तकं आम्ही परत घेत नाही."

"नाही हो काकू, मला फक्त त्यांना भेटायचंय."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. "भेट. तिला कोणी भेटायला आलं तर बरंच आहे."

जिवंत होती. जेवणाच्या टेबलाशी बसली होती, माझ्याहून एखाद्या वर्षाने मोठी, दोन घट्ट वेण्या, डोळ्यांखाली काळं. माझ्या हातातलं पुस्तक पाहून ती उठून उभी राहिली.

"अगं, तू अजून ह्यातूनच करतेस?"

तिच्या आवाजात अशी काही काळजी होती की मी लगेच विचारलं, "हे चुकीचं आहे का?"

"माहीत नाही. माझ्या मैत्रिणीकडे दुसरं होतं. मग मी ते घेतलं."

"त्यात जास्त काय होतं?"

ती खूप वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "कव्हर निळं होतं."

टेबलावर तीन पुस्तकं होती, निळं धरून. मी तिला विचारून एकेक चाळलं. तेच बारीक, गोल, स्वच्छ अक्षर. निळ्यात ते सहाव्या धड्यापर्यंत गेलेलं. दुसऱ्यात चौथ्यापर्यंत. तिसरं, जे कॉलेजातली निम्मी मुलं घेऊन फिरत होती तेच, त्यात दुसऱ्या धड्याच्या मध्यावर संपलेलं. प्रत्येक वेळी ती पहिल्या पानापासून सुरू करायची, म्हणाली, कारण नवीन पुस्तकात आधीचं काय वेगळं दिलं असेल कोणास ठाऊक.

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी सेंटरच्या गेटपर्यंत गेले. बाबा स्कूटर स्टँडला लावत होते, तेवढ्यात मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. आत गेलेच नाही. आता यंदा परत बसतेय." मग माझा हात धरून तिने विचारलं, "तुझ्या कॉलेजात कुठलं वापरतात गं?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. काकूंनी पोहे दिले होते, ते मी कसेबसे संपवले. उठताना मृणालने माझं पुस्तक, म्हणजे तिचंच, उघडून पाहिलं, एकशे सेहेचाळीसावं पान काढलं आणि त्या अर्ध्या रेघेवरून बोट फिरवलं. "इथपर्यंत मला येत होतं," ती म्हणाली.

मनपाला उतरले. तिथून अप्पा बळवंत चौक, पुस्तक बदलायचं ते दुकान, चालत दहा मिनिटांवर. मी विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढले. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. तीन पुस्तकं असलेल्या त्या टेबलाची भीती कोऱ्या समासाच्या भीतीपेक्षा मोठी होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलीला टोक केलं आणि मृणालची अर्धी रेघ पूर्ण केली. मग पान उलटलं. एकशे सत्तेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणि एक फाटका शब्दकोश शेजारी घेऊन समासात अर्थ लिहीत गेले. माझं अक्षर तिच्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिच्यासारखं काढायचा प्रयत्न करायची. परीक्षेला अठरा दिवस होते. शेवटचे दोन धडे राहिलेच. बहुवारिके आणि जैवरेणू. ते मी उघडलेच नाहीत, ऑप्शनला टाकले. पेपरात त्यांच्यावर आलेले प्रश्न मी वाचले सुद्धा नाहीत.

इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला. बाबा निकालाच्या कागदाकडे बघत म्हणाले, "मशीन काय, पहिल्या दिवशी कोणाचंच ऐकत नाही." मी बीएस्सी केलं, मग एका पाटीखालचा कॉम्प्युटर क्लास, मग नोकरी. ट्रंका परत उचलाव्या लागल्या नाहीत. ईराला ही गोष्ट मी अनेकदा सांगितलीय, माझ्या जिद्दीची गोष्ट म्हणून. तिला जे कधी सांगितलं नव्हतं ते यापुढे आहे.

मे महिन्यात पुस्तक विकायला काढलं. एका दुपारी व्हरांड्यात बसून शेवटचं चाळत होते. माझी पेन्सिल शेवटच्या दोन धड्यांपाशी थांबली होती. आणि मला दिसलं, पुढच्या वर्षी कोणीतरी मराठी माध्यमातली मुलगी हे पुस्तक समासासाठी घेईल, जानेवारीत इथे पोचेल आणि माझ्यासारखीच रोज इथपर्यंत येऊन पुस्तक मिटेल. हे मला सहन होईना. मी पेन्सिल घेतली आणि त्या न वाचलेल्या दोन धड्यांत खुणा करायला लागले. परिच्छेदाचं पहिलं वाक्य अधोरेखित, कधी शेवटचं. जिथे ठळक टाइप होता तिथे चांदणी. काही शब्दांचे अर्थ मनानेच लिहिले. तासाभरात शेवटच्या पानापर्यंत पोचले आणि तिथे, मृणालसारख्या गोल अक्षरात लिहिलं, "हे दोन धडे सोपे आहेत. एवढंच केलंस तरी पुरेल."

मला फार बरं वाटलं. पुण्य केल्यासारखं.

दुकानात त्याच गृहस्थांनी चष्मा नाकावर घेऊन पुस्तक शेवटपर्यंत उलटलं. त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघालेला मी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "वा. शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक वर्षातून एखादंच येतं." आणि त्यांनी ते मागे न ठेवता समोरच ठेवलं. मी पायरी उतरते न उतरते तोच एका मुलीने ते उचललं. बरोबर तिची आई, हातात कापडी पिशवी. मुलीने समासातलं मराठी पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मी ओळखला तो आनंद. तिची आई आमच्या बाबांपेक्षा हुशार निघाली. "शेवटपर्यंत बघून घे बाई," म्हणाली. मुलीने शेवटचं पान उघडलं, माझी ओळ वाचली आणि पुस्तक छातीशी धरलं.

मी दोन पावलांवर उभी होते. 'ते शेवटचे दोन धडे मी वाचलेले नाहीत,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मला लाज वाटली. गृहस्थ काय म्हणतील असं वाटलं. बोलू की नको करत राहिले, तोवर त्या दोघी गर्दीतून पलीकडे गेल्या.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत ती मुलगी माझ्याकडे येते. मृणालची मला काळजी वाटत राहिली, पण तिला जे झालं ते माझ्यामुळे नव्हतं. ही माझी आहे. मी ठोकून दिलेल्या अर्थांवर हिने पेपर लिहिला असेल? चांदण्या बघून भलतंच पाठ करत बसली असेल? कोण होती, तिच्या घरी कोणाच्या ट्रंका होत्या? जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोरून गेले तर मी आजही एखादं पुस्तक उचलते आणि शेवटचं पान आधी उघडते. कशासाठी, सांगता येणार नाही.

हे सगळं परवा ईराला सांगितलं, ओट्याशी उभ्या उभ्या, अर्धवट चिरलेल्या भाजीसमोर. ती दारातच खाली बसून ऐकत होती. निळ्या कव्हरपाशी तिने फोन उपडा ठेवला. माझ्या जिद्दीच्या गोष्टीचं जे व्हायचं ते झालं. 

मग तिने विचारलं, "ती मुलगी पास झाली का?"

"माहीत नाही."

"म्हणजे तू कधी शोधलंच नाहीस?"

"नाव सुद्धा माहीत नाही गं."

ती उठली आणि खोलीतून तिचं पुस्तक घेऊन आली. तेच, चुकीचं ठरलेलं. मध्यावर कुठेतरी तिची पेन्सिल थांबलेली होती, ते पान तिने उघडलं, पण मला दाखवलं नाही. पुढची पानं उलटत गेली. "पॉलिमर्स आणि बायोमॉलिक्यूल्स," ती म्हणाली. "हे तू अजून वाचलेले नाहीस?"

"नाही."

"बस मग."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी चष्मा लावला. पहिलं वाक्य दोनदा वाचलं तेव्हा कळलं, आणि सवयीने माझा हात पेन्सिलीकडे गेला. ईराने ती आधीच उचलली होती. सबंध दुपार तिने ती स्वतःच्याच हातात ठेवली.